नहदी शेठचं नळीफूल

मोम्बासाच्या किनाऱ्यावर समुद्राचा तळ माझ्याइतका तुडवलेला माणूस दुसरा नाही. असलाच तर तो बुडालेला आहे. तेवीस वर्षं मी पाण्याखाली गेलो. परदेशच्या दिवाणखान्यांत जे रंगीत मासे काचेमागे फिरतात, त्यांतले कितीतरी माझ्या जाळीतून गेलेले. तेव्हा घरात काचेची पेटी मांडून तिला ‘माझा समुद्र’ म्हणणाऱ्या माणसांबद्दल माझं मत काय आहे, ते विचारू नका. नाही विचारलंत तरी सांगतोच. खरा समुद्र दारात उसासे टाकत पडलेला, आणि ही माणसं दुकानातून डब्यातलं मीठ आणतात, नळाच्या पाण्यात ढवळतात, त्यात एक मासा सोडतात आणि त्याच्याकडे असं बघत बसतात, की जणू बाळंतपण यांचंच झालंय.

नहदी शेठ हा त्यांतला मुकुटमणी. गाद्यांचा व्यापारी. पुलापलीकडे न्यालीत बंगला, बंगल्यात सहा पेट्या, आणि सहाही पेट्यांवर पाहुण्यांनी दोन दोन घटका बोलावं अशी अपेक्षा. आयुष्यभर लोकांना झोपवण्याचा धंदा केलेला माणूस. बोलायला लागला की गादी नसली तरी चालायचं.

आणि नेमकं याच्याच हातात माझ्या लेकीचं, तिमाचं लग्न होतं.

मुलगा हेमेद, शेठच्या वारलेल्या भावाचा. बंदरात कारकून, मान खाली घालून चालणारा, बोलताना आधी हसणारा. त्याने तिमाला पसंत केलं होतं, तिमाने त्याला. त्याची आई बी स्वाफिया हिचं तर तिमाच्या मनगटाचं माप बोटांनी घेऊनही झालं होतं. राहिला होता तो काकाचा होकार. काका घरात वडील. त्याने मान हलवल्याशिवाय निकाह नाही. तिमा त्या दिवसांत घरात अशी वावरायची, जसा किनाऱ्याला लागलेला मचवा दोर सोडायची वाट बघतो.

शेठ आमच्याकडे आला तो हजला जायच्या आदल्या आठवड्यात. नारळाच्या दुधातल्या तुरीच्या दाण्यांबरोबर त्याने तळलेल्या, फुगलेल्या अकरा महाम्री खाल्ल्या. बारावी हातात घेऊन तो म्हणाला, “फुमोभाई, मी मुलीचं रूप बघत नाही, रूप उतरतं. कूळ बघत नाही, कुळातली नाव घेण्यासारखी माणसं कबरीत असतात. मी घर बघतो.”

“बघा की,” मी म्हणालो. “दोन खोल्या, मागे अंगण, पुढे ओटा.”

“तसं नाही. माझ्याकडे एक जीव आहे. मी चाळीस दिवस नाही. तो जीव तुमच्याकडे ठेवतो. ज्या घरात तो जगेल, त्या घरची मुलगी मी डोळे मिटून करीन.”

“म्हातारं माणूस आहे का कोणी?” पडद्याआडून माझ्या बायकोने, सौमूने विचारलं. “पथ्यपाण्याचं सांगून ठेवा.”

“नळीफूल आहे,” शेठ म्हणाला.

मी इतका हसलो की कॉफी नाकात गेली. नळीफूल म्हणजे चिखलात राहणारं समुद्राचं जनावर. दिसतं फुलासारखं, म्हणून आम्ही पाणबुडे त्याला फूल म्हणायचो. ते आपल्याच लाळेची आणि वाळूची एक कातडी नळी विणतं, तिच्यात कमरेपर्यंत उभं राहतं आणि वर तंतूंचा झुबका पसरून बसतं. काही खुट्ट झालं की सर्रकन आत.

“शेठ,” मी म्हणालो, “ही फुलं मी मुळ्यासारखी उपटलीत. चाळीस दिवसांनी या, त्याला बाळसं आलेलं दाखवतो.”

आतून तिमा खोकली. ती खोकली की समजावं, बाबांचं गरजेपेक्षा जास्त बोलून झालंय.

दुसऱ्या दिवशी हातगाडीवरून पेटी आली. सोबत वाळूची दोन पोती, हवेचा पंप आणि शेठच्या हातचा दोन पानी कागद. वाळू वीतभर खोल असावी. कोळंबीचा बारीक तुकडा आठवड्यातून तीनदाच द्यावा. पाणी फार ढवळू नये. शेजारी दुसरं काही ठेवू नये, कारण याचे तंतू भाजतात. नळीला हात लावू नये. आमच्या टेबलाचा एक पाय आखूड होता. कागदाची घडी त्याच्याखाली चपखल बसली. शेठच्या विद्वत्तेचा तेवढा उपयोग झाला.

पण खोटं कशाला बोलू, फूल देखणं होतं. संध्याकाळची बांग झाली, खोलीत उजेड मऊ झाला, की ते हळूच वर यायचं. जांभळे तंतू, टोकांना पांढुरकी झाक. वारा नाही, पाऊस नाही, तरी झुलायचं. परकरी पोर एकटीच अंगणात गिरकी घेते तसं. तिमा त्याच्यासमोर हनुवटी टेकून बसायची. काय मागायची ते तिचं तिला ठाऊक.

मी ठरवलं, याला असं पोसायचं की शेठने तोंडात बोट घालावं. आठवड्यातून तीनदा? कंजूष गादीवाला. मी सकाळ-संध्याकाळ कोळंबी कापून घालायला लागलो. फूल घ्यायचं तेवढं घ्यायचं, बाकीचं वाळूत कुजायचं. आठव्या दिवशी पाण्याचा रंग भाताच्या पेजेसारखा झाला, दहाव्या दिवशी घराला मासळीबाजाराचा वास आला. शेजारी नाक दाबून विचारायचे, “फुमो, घरात कोण आजारी आहे का?”

सौमू मला काही बोलली नाही. आमच्याकडच्या बायका नवऱ्याशी भांडत नाहीत. त्या लेसो बदलतात. लेसो म्हणजे त्या अंगाला गुंडाळतात ते छापील वस्त्र, आणि त्याच्या काठावर एक ओळ लिहिलेली असते. सौमूकडे बासष्ट लेसो आहेत. म्हणजे बासष्ट टोमणे, धुऊन घडी घालून ठेवलेले. त्या दिवशी तिने नेसला त्यावर होतं:

*कोंबडीला मोत्यांचा चारा,*
*पिलांना नुसता वारा.*

मी वाचलं नाही असं दाखवलं. ती माझ्यासमोरून चार वेळा गेली.

बाराव्या दिवशी शुक्रवार होता, आणि बी स्वाफिया येणार असा निरोप आला. नवऱ्यामुलाची आई यायची आणि घराला वास मासळीचा. सौमूने सकाळपासून घर घासलं, आणि दुपारी उद काढला. पाहुणा आला की उदाचा धूप हवाच. आधी घराला, मग कपड्यांना, मग केसांना. तिने धुपाटण्यात निखारे घातले, वर उदाचा तुकडा ठेवला आणि धुपाटणं घेऊन घरभर फिरली. शेवटी ती पेटीपाशी आली.

“वास इथूनच येतोय,” ती म्हणाली. “हा डबा काय करतो?”

“पंप आहे. खोलीतली हवा ओढतो आणि नळीतून पाण्यात सोडतो.”

“म्हणजे इथे धुपाटणं ठेवलं तर धूप पाण्यातही जाईल?”

मी क्षणभर विचार केला. क्षणभरच केला, हेच चुकलं. “जाऊ दे की. पाणी आणि धूर यांचं वैर आदमपासूनचं. मिसळायचे नाहीत. बुडबुडे वर येऊन फुटतील.”

तिने धुपाटणं पंपाला टेकवून ठेवलं. आणि काय सांगू, पेटीतला एकेक बुडबुडा दुधाच्या मण्यासारखा पांढरा होऊन वर येऊ लागला. पाण्यावर आला की फुटायचा, आणि त्यातून धुराचा एक इवलासा केस निघायचा. तेवढ्यात बी स्वाफिया आली, ती बघतच राहिली.

“अगबाई, समुद्रालासुद्धा धूप दिलात?”

“आमच्या घरात पाहुणा लहान-मोठा बघत नाहीत,” मी म्हणालो.

तिने तिमाच्या गालाला हात लावला. म्हणाली, “दीर परत आले की दोन दिवसांत पिलाव खायला येतो.” तिमा आत पळाली. आतून भांडं पडल्याचा आवाज आला, आणि मला वाटलं, चला, चाळीस दिवस बाराव्याच दिवशी संपले.

त्या संध्याकाळी फूल वर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी दोन कोळंब्या जास्त टाकल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी तिमाने हाक मारली, “बाबा, ते बाहेर आलंय.”

“बघ, म्हटलं नव्हतं?”

“तसं नाही बाबा. सगळंच बाहेर आलंय.”

मी गेलो. नळी एकीकडे, फूल एकीकडे. सोललेल्या केळ्यासारखं ते वाळूवर आडवं पडलेलं, तंतू ओल्या सुतासारखे चिकटलेले. घरधनी दार उघडं टाकून रस्त्यात झोपावा तसं.

आधी मी पंपाला शिव्या दिल्या. मग कोळंबीवालीला, शेठच्या वाळूला, आणि पेटी आणणाऱ्या हातगाडीवाल्याला. मग बाह्या सरसावून त्याला परत नळीत घालायला बसलो. आजारी सासऱ्याला विजार चढवायचा कधी प्रसंग आला असेल, तर तुम्हाला कल्पना येईल. हा पाय आत घालावा तर तो बाहेर. तिसऱ्या खेपेला नळी टर्रकन फाटली. फूल माझ्या तळहातावर पडून राहिलं, आणि मेल्या माणसासाठी म्हणायचे ते शब्द माझ्या तोंडून आपोआप निघाले.

“नीट बघा तरी,” सौमू म्हणाली. “तोंडाची कड हलतेय.”

“तेवीस वर्षं मी ही जनावरं बघितलीत. हे संपलं. टाकून ये.”

ती त्याला झाकणीत घेऊन मागच्या दाराने गेली. तिमा तिथेच उभी होती. तिच्या हातात माझा सदरा होता, आणि ती त्याची घडी घालत होती. घातलेली मोडत होती, परत घालत होती.

“आता काय, बाबा?”

ती रडली असती तर बरं झालं असतं. रडणाऱ्या मुलीला बाप ओरडू तरी शकतो.

“आता काय म्हणजे?” मी म्हणालो. “समुद्रात काय दुष्काळ पडलाय? दुसरं आणतो. त्या गादीवाल्याला कळायचंही नाही.”

खाडीच्या चिखलात नळीफुलं असतात, हे मला पाठ. अमावास्येची ओहोटी मोठी; भर सकाळी पाणी इतकं मागे सरलं होतं, की खाडी आपलं लुगडं वर खोचून उभी आहे असं वाटावं. सोबतीला कोम्बोला घेतलं. आम्ही दोघांनी एकत्र डुबक्या मारल्या, एकत्र म्हातारे झालो. फरक एवढाच, की ते त्याच्या लक्षात आलंय.

“फुमो, आठवतं का?” चिखलात उतरताना तो म्हणाला. “वरून ओढायचं नाही. शेजारून हात खाली घालायचा आणि बुडातून उचलायचं.”

“मला शिकवतोस?”

“नाही बाबा. मी चिखलाशी बोलत होतो.”

पहिलं फूल दिसलं, मी झडप घालून ओढलं. हातात नळी आली, रिकामी. जनावर कधीच खाली गेलेलं. चप्पल सोडून पळालेला चोर. दुसरं ओढलं, तेच. तिसरं ओढलं, तेच. कोम्बो दात काढून म्हणाला, “छान. चपलांचं दुकान काढ आता.”

चौथ्याला मात्र मी हात शेजारून घातला. कोपर गेलं, खांदा गेला, कानात चिखल गेला. बोटांना बुड लागलं आणि मी ते उचललं. त्याच वेळी माझ्या पायाखालचा चिखल म्हणाला, ये, बस. मी कमरेपर्यंत आत.

“सोड ते फूल आणि हात दे,” कोम्बो म्हणाला.

“फूल सोडणार नाही. मुलीचं लग्न आहे हे.”

“मग दुसरा हात दे.”

“दुसऱ्या हातात बादली आहे.”

“मग तिथेच राहा. तंतू फुटले की बघायला येतो.”

शेवटी त्याने मला काखेत धरून उपटलं. मी वर आलो, फूल वर आलं, बादली वर आली. कमरेचा लुंगीसारखा किकोई मात्र आला नाही. तो खाडीने ठेवून घेतला. आणि बरोबर तेव्हाच पलीकडच्या तीराला जाणारा मचवा समोरून चालला होता, माणसांनी गच्च भरलेला. मी बादली पुढे धरली. मचव्यातल्या एका म्हातारीने डोळ्यांवर हात घेतला, पण बोटं फाकलेली होती.

कोम्बोच्या सदऱ्यात गुंडाळून घरी आलो. दुसऱ्या दिवशी सौमूच्या लेसोवर होतं:

*लाज राखाया धनी गेला,*
*लाज ठेवून घरी आला.*

हा लेसो तिच्याकडे होता, की तिने रातोरात छापून घेतला, हे मला अजून कळलेलं नाही. तिसऱ्या दिवशी बी स्वाफियाचा निरोप आला: “फुमोभाईंची तब्येत बरी आहे ना? आमच्या घराण्यात कोणाच्या डोक्याला काही नाही, म्हणून विचारलं.” तिमा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी तिला म्हणालो, “अगं, हे सगळं तुझ्यासाठीच,” तर ती म्हणाली, “माझ्यासाठी थोडं कमी करत जा, बाबा.”

नवं फूल आणलं खरं, पण ते तपकिरी निघालं. जास्त उकळलेल्या चहासारखं. अंगाने दांडगं, तंतू लांब, वागायला अडाणी. पेटीत सोडल्याबरोबर त्याने वाळूत बूड खुपसलं आणि असं पसरलं, जसा गावाकडचा पाहुणा बाजेवर पसरतो. सौमूने पेटीतलं पाणी बदलून घेतलं, पंप उचलून उघड्या खिडकीत ठेवला, उद बंद केला, आणि कोळंबीची टोपली माझ्या हातातून काढून घेतली.

“याला आता मी बघते,” ती म्हणाली. “तुम्ही ओट्यावर बसून समुद्राच्या गोष्टी सांगा.”

“पण रंग? शेठला काय सांगायचं?”

“ते तुम्ही बघा. बोलायचं खातं तुमच्याकडे आहे.”

पुढचे तेवीस दिवस मी ओट्यावर बसून खोटं घडवलं. तासलं, घासलं, पॉलिश केलं. सौमू मात्र फार खुशीत असायची. चुलीमागे जाऊन काहीतरी करायची, भरतीच्या वेळेला घागर घेऊन खाडीवर जायची, आणि मी विचारलं तर म्हणायची, “बायकांची कामं.” एकदा तिचा लेसो वाचला:

*मी न बोले, माझी चूल बोले,*
*झाकल्या भांड्यात काहीसं डोले.*

मला वाटलं, पिलाव.

शेठ हजहून आला. डोकं तुळतुळीत, चेहऱ्यावर तेज, चालण्यात असं काही, की रस्त्याने त्याच्यासाठी बाजूला व्हावं. दोन दिवसांनी तो, बी स्वाफिया आणि हेमेद आमच्याकडे आले. हेमेद उंबऱ्यापाशीच बसला. त्याची टोपी त्याच्या हातात गोल गोल फिरत होती. शेठ पिलावाकडे गेला नाही. सरळ पेटीकडे गेला, वाकला, चष्मा पुसला, परत वाकला.

“हे माझं नाही.”

“हाजीसाहेब,” मी सुरू केलं, “मक्केहून आलेल्या नजरेला साध्या गोष्टी—”

“माझं जांभळं होतं.”

“होतं ना. ते डब्यातल्या मिठाचं जांभळं. खऱ्या समुद्राचं पाणी मिळालं, तोंड धुतल्यासारखा मूळ रंग वर आला.”

“आणि चार बोटं वाढलं?”

“माहेरपण मानवलं.”

शेठ माझ्याकडे बघत राहिला. हेमेदची टोपी फिरायची थांबली. एवढ्यात पडदा हलला आणि तिमा बाहेर आली. आमच्याकडे बोलणी चालू असताना मुलगी बाहेर येत नाही. ती आली. तिच्या हातात मातीचं पसरट भांडं होतं. ते तिने शेठच्या पुढ्यात ठेवलं.

“काका, बाबा खोटं सांगतायत. तुमचं हे आहे.”

भांड्यात वाळू, वाळूत फुटक्या नळाचा एक तुकडा रोवलेला, आणि त्या तुकड्यातून वर आलेलं ते जांभळं फूल. आतल्या बाजूने त्याने नवी नळी विणायला घेतली होती, कोवळी, राखाडी. पाणी अजून हिंदकळत होतं म्हणून ते दबून होतं. पाणी थांबलं, तसं उलगडलं.

मी खाली बसलो. मेल्यावर म्हणायचे शब्द मला येतात. उठून बसल्यावर म्हणायचे कोणी शिकवलेले नाहीत.

“हे कुठे होतं?” मी कसंबसं विचारलं.

“चुलीमागे,” पडद्याआडून सौमू म्हणाली. “सव्वीस दिवस.”

“मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तुम्ही त्याला भरवायला आला असता.”

तिमाने सगळं सांगितलं. धुपाचा शुक्रवार, निखळलेलं फूल, फाटलेली नळी, खाडी. किकोईचंही सांगितलं, ते मचव्यातून आधीच न्यालीला पोचलं होतं. ती बोलायची थांबली तेव्हा मी मनातल्या मनात तिचं लग्न पुरून टाकलं होतं. बाप लबाड, आई लपवाछपवी करणारी, मुलगी वडीलधाऱ्यांपुढे तोंड उघडणारी. कुठला काका मान हलवील? हेमेद उठून उभा राहिला होता, पण कशासाठी उठलो ते त्यालाही ठाऊक नसावं.

शेठ परत चष्मा पुसायला लागला. शेवटी बी स्वाफिया म्हणाली, “दादा, सांगून टाका. हजहून येऊन आठवडा नाही झाला, आत्ताच खोटं नको.”

“काय सांगायचं?” शेठ पुटपुटला.

“मग मी सांगते. फुमोभाई, आठ वर्षांत यांच्याकडे अशी सात फुलं मेली. दोन महिन्यांच्या वर एकही नाही. हे आठवंही जायच्या वेळी आखडायला लागलं होतं. म्हणाले, मरायचंच आहे तर फुमोच्या घरी मरू दे. हेमेदला नाही म्हणायला आयतं निमित्त.”

तुम्हाला खोटं वाटेल, पण मला राग आला नाही. मला बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या खोलीत माझ्याहून लबाड माणूस बसला होता.

शेठने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. तुळतुळीत डोकं लाल झालेलं. “मी पाणी मोजतो,” तो म्हणाला. “मीठ मोजतो. पुस्तकं वाचतो. परदेशातून दिवे मागवले. तरी मरतात. का मरतात, हे मला कोणी सांगत नाही.”

तिमा त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली. “काका, तुमच्याकडे उद कुठे जाळतात?”

“पेट्यांच्या खोलीतच,” बी स्वाफियाने सांगितलं. “रोज, दोन वेळा. पाहुणे तिथेच बसतात ना.”

“भारीतला असतो,” शेठ म्हणाला. “थेट कंबोडियाचा.”

“म्हणून लवकर मेली,” पडदा म्हणाला.

शेठने तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. त्याच्याच पेटीतल्या माशासारखं. मग तो भांड्यावर वाकला. फूल झुलत होतं. त्याने एक बोट पाण्याजवळ नेलं, आणि मागे घेतलं.

“मोहरम सरला की निकाह,” तो म्हणाला.

हेमेदची टोपी हातातून पडली. ती घरंगळत तिमाच्या पायापाशी गेली, आणि तिने ती उचलून दिली, सगळ्यांदेखत. बी स्वाफिया डोळे पुसायला लागली, पडद्याआडून सौमूने आनंदाचा तो लांब हेल काढला, जो बायका वरातीत काढतात. ओट्यावर बसलेल्या कोम्बोने तर आत न बघताच टाळी वाजवली.

“पण माझी एक अट आहे,” शेठ म्हणाला.

मी छाती पुढे काढली. मला कळलं होतं अट काय असणार. सहा पेट्या, एक जाणकार, आणि मोम्बासात जाणकार कोण? मी घसा खाकरला. “हाजीसाहेब, तुमच्या पेट्यांचं काही असेल तर निर्धास्त राहा. समुद्राच्या बाबतीत या घरात—”

“तेच म्हणतोय. दर गुरुवारी तिमाच्या आईने येऊन माझ्या पेट्या बघायच्या. त्या सांगतील तसं मी वागेन.”

“आणि मी?”

शेठने माझ्याकडे पाहिलं. मग भांड्याकडे, मग तपकिरी दांडगटाकडे, मग परत माझ्याकडे. “डब्यातलं मीठ मी सोडतोय, फुमोभाई. खाडीवरून पाणी आणायला कोणीतरी लागेलच.”

लग्न होऊन आता सात महिने झाले. तिमा तिकडे सुखात आहे, नळीफुलं दोन्ही जिवंत आहेत, आणि शेठ धुपाटणं अंगणाच्या पार टोकाला ठेवतो. दर गुरुवारी पुलावरून सौमू पुढे चालते, मी मागे. दोन्ही हातांत दोन कॅन. ओळखीचं कोणी भेटलं आणि म्हणालं, “काय फुमो, कुठे निघालास?” तर मी ताठ मानेने सांगतो, “व्याह्यांचा समुद्र आटलाय, भरून द्यायला चाललोय.”

सौमू मागे वळत नाही. “सांडू नका,” एवढंच म्हणते.